एएलएसनं गेलेलं माणूस : आजाराआधीचं कसं आठवायचं?

सावनी_क (१४ जून, रात्री ११:४०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, २०१९च्या मार्चमध्ये गेले. एएलएस होता, एकेक स्नायू निकामी करत नेणारा आजार. २०१६च्या दिवाळीत पहिल्यांदा जीभ जड झाली. 'र' नीट येईना. लक्ष्मीपूजनाच्या आरतीनंतर शेजारच्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अण्णा हल्ली घेतात का गं?" आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस. पुढच्या आषाढीपर्यंत आवाज पूर्ण गेला. हात चालत होते तोवर पाटीवर लिहायचे, मग हातही गेले.

आता प्रश्न. मला अण्णांचा आवाज आठवत नाही. काय बोलायचे ते शब्द न् शब्द आठवतं, पण ते सगळं माझ्याच आवाजात. डोळे मिटले की ऐकू येते ती घशातली लाळ ओढणाऱ्या सक्शन मशीनची घरघर. दिसतो तो बायपॅपच्या (श्वासाला मदत करणारं यंत्र) मास्कनं नाकावर उठलेला लाल वळ. आणि रात्री दर दोन तासांनी कूस बदलताना आई म्हणायची ते "एक, दोन, हां". शेवटची अडीच वर्षं आधीच्या चौसष्ट वर्षांच्या उरावर बसलीत. मुलगी ११ वर्षांची आहे. परवा सहज म्हणाली, "आजोबा कधी बोलायचे का गं?"

कॅसेटी, अल्बम सगळं आमच्या खालच्या खोलीत होतं. अण्णा गेले आणि पाच महिन्यांनी, ऑगस्टात, सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमची खालची खोली त्याच्या कितीतरी आधी गेली.

उपचारांबद्दल विचारत नाहीये. पुढच्या आठवड्यात २१ जून, जागतिक एएलएस दिन, म्हणून हे सगळं वर आलंय इतकंच. ज्यांनी घरात हा आजार पाहिलाय त्यांना विचारतेय : आधीचा माणूस परत मिळाला का तुम्हाला? कसा?

उंडगा

वाचून सुन्न झालो. एएलएस म्हणजे स्टीफन हॉकिंगना होता तोच ना? पण ते तर म्हातारे होईपर्यंत जगले.

डॉ_खडू

@उंडगा, तोच. पण हॉकिंगमुळे या आजाराबद्दल भलतीच समजूत झाली आहे. त्यांना १९६३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी निदान झालं आणि ते २०१८च्या मार्चमध्ये ७६व्या वर्षी गेले. असं फार क्वचित. बहुतेकांच्या हातात लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं असतात. दहांतला एखादा दहा वर्षं ओलांडतो.

होतं काय, तर मेंदूतून मणक्यात आणि मणक्यातून स्नायूंत हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. हुकूमच नाही म्हणून स्नायू वाळतो. उलट दिशेनं खबर नेणाऱ्या नसा मात्र शाबूत. म्हणजे डास चावलेला कळतो, हाकलता येत नाही. डोळे फिरवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात, लघवी-शौचावरचा ताबाही. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६९ मध्ये हे वर्णन करून ठेवलंय, तरी आजही एका चाचणीत 'हाच' असं सांगता येत नाही. ईएमजी (स्नायू-नसांची विजेची तपासणी) करायचा, एमआरआय करायचा आणि बाकीच्या शंका एकेक खोडत यायचं. सावनीताईंच्या वडिलांसारखी जिभेपासून, घशापासून सुरुवात साधारण चौथ्या हिश्शात होते. बाकीच्यांची हातापायांपासून.

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. दवाखान्यात पाहिलाय, घरात नाही.

सावनी_क

डॉक्टर, डासाचं अगदी अगदी. अण्णा डोळ्यांनी डास दाखवायचे आणि आम्ही भलतीकडेच टाळ्या वाजवायचो.

शेवंती

माफ करा, जरा भीत भीत विचारते. माझी डाव्या डोळ्याची पापणी गेले पंधरा दिवस फडफडते आणि पोटरीत पण लव लवते. नेटवर वाचलं तर पहिलं हेच नाव आलं. रात्रभर झोप नाही.

डॉ_खडू

@शेवंती, जिना चढता येतो? कुकरचं झाकण लागतं? मग नेट बंद करा, चहा दोन कपांवर आणा आणि झोपा. नुसतं फडफडणं निम्म्या गावाला होतं. शक्ती जात असेल, स्नायू वाळत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवायचं.

शेवंती

कुकर लागतो. चहा मात्र सहा कप होता.

नर्मदा२२

माझे यजमान. उजव्या हातापासून सुरुवात. शर्टाचं वरचं बटण लागेना, मग स्कूटरची किल्ली फिरेना. मानेतली गादी सरकलीय म्हणून ऑपरेशन झालं (कुठे ते सांगत नाही, त्यांनी प्रामाणिकपणेच केलं असावं). तीन महिने पट्टा बांधून बसलो आणि हात आणखीच वाळला. निदानापर्यंत चौदा महिने गेले.

सावनी, तुझं ते 'उरावर बसलीत' मला फार कळलं. माझ्याकडे तर वहीच होती. शेवटचं बटण कधी, शेवटचा जिना कधी, शेवटची सही कधी. सही जुळत नाही म्हणून बँकेनं परत केलेला चेक अजून आहे माझ्याकडे. गेल्यावर तीन-चार वर्षं मलाही डोळ्यांपुढे पलंगावरचेच दिसायचे.

परत कसे आले ते सांगते, हसू नका. कोथिंबिरीतून आले. मंडईत एकानं जुडी पंधरा रुपये सांगितली आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यात सोनं बांधलंय का?" हे वाक्य माझं नव्हे. यांचं. उभा जन्म मला या वाक्याची लाज वाटायची, मी दोन पावलं लांब जाऊन उभी राहायचे. त्या दिवशी जुडी हातात धरून भर मंडईत रडले. भाजीवाला घाबरला, दहाला दिली.

तेव्हापासून येतात अधूनमधून. बहुतेक वेळा पैशांवरूनच.

उंडगा

नर्मदाताई, रडवता रडवता हसवलंत.

घाटावरचा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

'आधीचा माणूस' आणि 'आजारातला माणूस' अशी दोन खाती कशाला काढायची? आमचे थोरले बंधू, नाना. कराडजवळ गाव, चार एकर ऊस. पायापासून सुरू झालं, सारखे ठेचकाळायचे. आमचा दोघांचा दहा वर्षं बांधावरून अबोला होता. नाना अंथरुणाला खिळल्यावर वहिनींनी निरोप धाडला म्हणून गेलो, तो पुढं तीन वर्षं रोज गेलो.

तोडीच्या हंगामात मुकादम खुशाली, म्हणजे तोडीचे वरचे पैसे, मागायला आला की नानांच्या पलंगाशी बसायचा. तो आकडा सांगायचा. कबूल असेल तर नानांनी पापणी मिटायची, एवढाच करार. नाना टक लावून त्याच्याकडं बघत राहायचे. मुकादम आकडा खाली आणायचा. तरी पापणी हलायची नाही. बोलणारा माणूस असता तर त्यानं वाद घातला असता. नुसत्या बघण्यापुढं काय करणार? शेवटी तोच हात जोडायचा, "नाना, मिटा की आता डोळं." गावात त्या हंगामात सगळ्यात कमी खुशाली आमच्या फडाला पडली.

त्या तीन वर्षांत आमची जेवढी बोलणी झाली तेवढी त्याआधीच्या चाळीस वर्षांत झाली नव्हती. मला आधीचा नाना नको. आधीचा नाना माझ्याशी बोलत नव्हता.

नर्मदा२२

तुमचं तुमच्यापुरतं खरं आहे भाऊ. पण रात्रीचं सक्शन कोण करायचं? वहिनीच ना? त्यांना विचारा कोणता नाना हवा ते.

घाटावरचा

विचारलं नाही कधी. हे मान्य.

सावनी_क

दादा, राग नाही आला. पण माझं अण्णांशी भांडण नव्हतं हो कधी. मला दोन्ही हवेत, एक नव्हे.

मामलेदार_मिसळ

भांडणाच्या धाग्यांवर नेहमी हजर असतो, इथे पहिल्यांदाच गप्प बसून वाचतोय. एक शंका. पापणीनं हो-नाही समजलं. पण अख्खं वाक्य कसं सांगायचे? इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, वर जोडाक्षरं. 'कृष्णेच्या' हे डोळ्यांनी कसं सांगणार माणूस?

सावनी_क

मिसळ, बरं विचारलंत. यावर सहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पाटी सुटल्यावर मी दुकानातून बालवाडीचा तक्ता आणला. कमळ, खटारा, गवत वगैरे चित्रं कापून टाकली आणि अक्षरं पुठ्ठ्यावर चिकटवली. क ख ग घ ङ, शाळेच्या क्रमानं. पद्धत अशी : मी ओळीवर बोट ठेवायचं. पापणी मिटली की ती ओळ. मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर बोट. नजर वर गेली की 'चुकलं, खोड'. पहिलं वाक्य 'पाठ खाजते'. अकरा मिनिटं लागली. तोवर खाज थांबली होती.

अण्णा गणपती पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. १९६८ला सोळाव्या वर्षी लागले ते ऑफसेट आणि डीटीपी येऊन ट्रेडल (जुनं छपाईयंत्र) बंद पडेपर्यंत खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होते. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठीचे खिळे चार केसेसमध्ये, म्हणजे खणाखणांच्या पेट्यांत असायचे आणि प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला. पण वर्णमालेच्या क्रमानं नाही. जे अक्षर सारखं लागतं त्याचा खण हाताशी आणि मोठा, ङ-ढ-झ वगैरे मंडळी लांब कोपऱ्यात. अण्णा न बघता खिळा उचलायचे. खिळ्याला एका अंगानं खाच असते, तिच्यावरून बोट फिरलं की सुलटा की उलटा ते कळतं. मी लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा ते माझ्याशी बोलत असायचे आणि उजवा हात आपला आपण केसमध्ये फिरत असायचा, कोंबडी दाणे टिपते तसा.

तर माझ्या तक्त्याच्या चौथ्या दिवशी अण्णांनी अक्षर अक्षर करून सांगितलं, "केस नीट कर". आईनं कंगवा आणला. भांग पाडून दिला, वर तेलाचं बोट फिरवलं. अण्णांनी नजर वर केली, इतकी वर की बुबुळं दिसेनात. पुन्हा तेच : केस नीट कर. आईनं पुन्हा विंचरलं. मला कळायला दुपार झाली.

मग पुढचे चार दिवस त्यांनी तो तक्ता लावून घेतला. पहिल्या ओळीतलं पहिलं घर काना. मी म्हटलं आधी क ठेवू, काना नंतर. नजर वर. छापखान्यात काना हा वेगळा खिळा असतो आणि सगळ्यात जास्त लागतो, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. मात्रा वेगळी, दोन्ही वेलांट्या वेगळ्या, अनुस्वार वेगळा. आणि पाय मोडायची खूण स्वतंत्र, म्हणजे 'कृष्णेच्या'सुद्धा जुळवता यायचं. तक्ता पुरा झाला आणि त्यावरून आलेलं पहिलं वाक्य होतं : "ञ काढ जागा खातो".

नव्या तक्त्यावर 'पाठ खाजते' दोन मिनिटांत व्हायला लागलं. पण एक भानगड होती. छापखान्यात शेवटची बरीच वर्षं प्रूफंही तेच बघायचे. ते सांगतील तसं मी वहीत लिहायचे आणि वही त्यांना दिसायची. एका रात्री 'पा' झालं, 'ण' झालं, मला कळलं. मी भरभर 'पाणि' लिहून उठलेसुद्धा. तेव्हा पोटात नळी होती, तोंडानं फक्त ओला बोळा लावायचो. बोळा ओठांशी नेला तर नजर वर. पुन्हा नेला, पुन्हा वर. मला वाटलं नकोय. तक्ता परत धरला. दुसरी वेलांटी. मी वहीत 'णि' खोडून 'णी' केलं, त्यांनी ते पाहिलं, आणि मग ओठ उघडले.

जीभ कोरडी ठण्ण पडलेली होती हो.

मामलेदार_मिसळ

ञ काढ जागा खातो.

बास. मी आज दुसरं काही वाचणार नाही.

कोरा_कागद

वाखुसा (वाचनखूण साठवली). आजोळी छापखाना होता, शाईचा आणि रॉकेलचा वास आला एकदम. चिमट्यानं चुकलेला खिळा उचकटताना आजोबा शिवी हासडायचे, ती इथे लिहिता येणार नाही.

घाटावरचा

ताई, आता तुम्हीच सांगा. तहान लागलेली असताना वेलांटी दुरुस्त करून घेणारा हा कोण? आधीचा का नंतरचा?

सावनी_क

तुम्ही काय म्हणताय ते कळतंय. पण याला आवाज नव्हता ना दादा. मला आवाज हवाय.

निरामय_जीवन

सर्व चेताविकारांवर आमच्या गुरुजींचे सिद्ध तेल व काढा. ९० दिवसांत फरक. अनेक रुग्ण चालू लागले. संपर्क : (क्रमांक काढला आहे. धागाकर्तीने उपचारांविषयी विचारलेले नाही. पुन्हा जाहिरात केल्यास खाते बंद होईल. संपादक मंडळ)

नर्मदा२२

संपादकांचे आभार. आम्ही दीड लाख रुपये यातच घातले. तेल, लेप, भस्मं, केरळात २१ दिवस. एका बाबांनी मनगटाला मंतरलेला दोरा बांधला होता, सुटला तर कोप होईल म्हणाले. सुटला नाही. मनगटच इतकं बारीक झालं की एका सकाळी दोरा गाठीसकट हातातून ओघळून चादरीवर पडला. यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. भुवई तेव्हा हलत होती अजून.

डॉ_खडू

नेहमीच्या औषधांचंही खरं सांगून टाकतो, म्हणजे कुणाची फसगत नको. रिल्युझोल १९९५ पासून आहे, आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. २०२३ मध्ये अमेरिकेत टोफर्सेन मंजूर झालं, पण ते एसओडी१ या जनुकात दोष असलेल्या थोड्यांसाठीच. घराण्यात येणारा प्रकार मुळात दहातला एक किंवा त्याहून कमी. खरा फरक पडतो तो वेळेवर बायपॅप, वेळेवर पोटातली नळी आणि घरच्यांच्या हातांनी.

बेएरियातला_बाळू

इथे अमेरिकेत याला लू गेरिगचा आजार म्हणतात. यँकीज संघाचा बेसबॉलपटू, सलग २१३० सामने खेळलेला गडी. १९३९च्या जूनमध्ये ऐन ३६व्या वाढदिवशी निदान झालं, दोन वर्षांत गेला.

माझी गोष्ट जरा लाजिरवाणी आहे. २०१४ला ते बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घ्यायचं वेड आलं होतं, आठवतंय? आमच्या हापिसात मीही घेतली, व्हिडिओ टाकला. कशासाठी ओततोय ते आजाराचं नाव नीट वाचलंही नव्हतं. त्या वेडातून इथल्या एएलएस असोसिएशनला ११.५ कोटी डॉलर मिळाले, ते उत्तमच झालं. पण सासऱ्यांनी नाशिकहून फोन केला : "जावईबापू, आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं."

तीन वर्षांनी त्यांनाच निदान झालं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पलंगावर पडल्या पडल्या तो व्हिडिओ लावायला लावला. मी समोर उभा. शेवटपर्यंत पाहिला. आणि म्हणाले (तेव्हा बोलता येत होतं), "बादली कुणाची होती?" म्हटलं शेजाऱ्यांची. "परत केली का?"

आवाजाबद्दल. इथल्या ओळखीच्या एका डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की आवाज आहे तोवर साठवून ठेवा. आम्ही फोन पुढे धरला. म्हटलं, नातवंडांसाठी काही आशीर्वादाचं बोला. म्हणाले, ते कोण ऐकतंय, दिवसभरात लागतं ते बोलतो. आणि बोलले काय तर "दार लोटून घ्या", "पंखा बारीक कर", "कोण आलंय?", "मीठ कमी आहे". अशी साठ-सत्तर वाक्यं. ते आता बायकोच्या फोनमध्ये आहेत. कधी कधी रात्री लावते. 'पंखा बारीक कर' ऐकलं की उठून खरंच पंखा बारीक करते. इथे एसी आहे, पंखा तिनं मुद्दाम बसवून घेतलाय.

सावनी_क

बाळूदादा, हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? आम्हाला कुणी सांगितलंच नाही. निदान झालं तोवर निम्मा आवाज गेलाही होता, आणि त्या निम्म्या आवाजाची आम्हालाच लाज वाटायची, फोन आला की आई घाईनं स्वतः उचलायची.

फोंड्याची_शबै

माझी आई. फोंड्याला असायची, मराठी शाळेत शिक्षिका. तिचं पण बोलण्यापासूनच. पण आमच्याकडे वेगळाच प्रकार झाला. मावशीच्या बाराव्याला सगळे बसलेले आणि आई हसायला लागली. साधं नाही, खो खो. थांबेचना. मामा उठून निघून गेला, पुढे सहा महिने आला नाही. आईनं त्या रात्री वहीत लिहिलं, "हांव हांसना". मी हसत नाहीये.

आई आयुष्यभर शाळेत मराठी आणि घरात कोंकणी बोलली. लिहायची मात्र नेहमी मराठीत. हे एकच वाक्य कोंकणीत आहे. वही ठेवलीय मी.

डॉ_खडू

@फोंड्याची_शबै, हे या आजारात बऱ्याच जणांना होतं. हसण्या-रडण्यावरचा लगाम सुटतो. मनात दुःख असतं आणि चेहरा हसतो, किंवा कारण नसताना रडू फुटतं. त्यावर औषधं आहेत, बऱ्यापैकी उपयोग होतो. मामांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

फोंड्याची_शबै

सांगितलं नंतर. देव बरें करूं डॉक्टर, पण नंतर.

उंडगा

एक विचारू का? श्वासच बंद व्हायला लागला की व्हेंटिलेटरचं काय ठरवतात लोक? नको असेल तर चालतं का?

नर्मदा२२

यांनी आवाज असतानाच सांगून ठेवलं होतं, घशाला भोक नको. मी ते पाळलं. दिरांचं म्हणणं होतं, पैशांसाठी तू हे करतेस. त्यावर मी काही बोलले नाही, आजही बोलणार नाही. पण लेखी असतं तर बरं झालं असतं.

डॉ_खडू

लेखी करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला त्याला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. धडधाकट असतानाच करून ठेवावं. मी केलंय. बायकोनं विचारलं, तुम्हाला काय झालंय? म्हटलं, अजून काही नाही.

मामलेदार_मिसळ

गाडी रुळावर आणतो. सावनीताई, सगळ्या कॅसेटी पुरात गेल्या म्हणता, पण लग्नाचं शूटिंग? ते सासरी पण असतं की एक.

कोरा_कागद

+१. शिवाय छापखान्यातले सहकारी, नातेवाइकांची लग्नं, मुंजी. अण्णा पंगतीत कुठेतरी बोलत असणारच.

सावनी_क (१९ जून)

मिसळ, तुमच्या तोंडात साखर. सासूबाईंच्या कपाटात सापडली. २०१० सालची डीव्हीडी, आत माझं लग्न, वर चुकून माझ्या नणंदेच्या लग्नाचं लेबल.

दोन तासांत अण्णा सात वेळा दिसतात. व्याह्यांशी बोलतात, आचाऱ्याला काहीतरी बजावतात, एकदा तर थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. आणि सगळ्यावर सनई. शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सनई चढवलीय. फक्त मंगलाष्टकं आणि कन्यादानाला मूळ आवाज ठेवलाय, तो गुरुजींच्या माइकचा. तिथे अण्णा गुरुजींच्या शेजारी आहेत. गुरुजी म्हणतात, "म्हणा." अण्णा खाकरतात. आणि सनई.

ते खाकरणं अण्णांचंच. बोलायच्या आधी खाकरायचे, हे मी साफ विसरले होते. सेकंदभराचंच आहे. काल रात्री किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. आज लेकीला ऐकवलं. तिनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मग पुढे काय म्हणाले?"

बेएरियातला_बाळू

मूळ टेप! शूटिंगवाल्याकडे सनई चढवण्याआधीची टेप असू शकते. माणसं टाकत नाहीत त्या लवकर. शोधा.

सावनी_क

त्याच्या दुकानात आता मोमो मिळतात. पण मोमोवाल्याकडून त्याच्या भावाचा नंबर मिळालाय. रविवारी इस्लामपूरला जातेय.

घाटावरचा

कराडवरून तासाभराचाच रस्ता आहे. काही लागलं तर सांगा, गाडी घेऊन येतो. वहिनींना विचारलं परवा, नर्मदाताईंनी सांगितलं होतं ते. म्हणाल्या, "मला दोन्हीपैकी कुठलाही द्या."

नर्मदा२२

वाटलंच होतं.

प्राजू_सोलापूर (२० जून)

नवीन आहे इथे. धागा दोनदा वाचला. माझ्या आईला गेल्या महिन्यात निदान झालंय. बोलणं अडखळतं, हात अजून चालतात. सावनीताई, त्या तक्त्याचा फोटो टाकाल का? इंग्रजी तक्ते मिळतात, पण आईला इंग्रजी येत नाही.

सावनी_क

प्राजू, आधी आजच्या आज फोन समोर धर आणि आईला बोलू दे. काहीही. मीठ कमी आहे, पंखा बारीक कर, काहीही. तक्ता नंतर.

तक्ता माळ्यावर आहे, पुरातून वाचला. फोटो पुसट येतोय म्हणून लिहूनच देते. ओळ पहिली : काना, र, त, य, न, क. दुसरी : मात्रा, ल, स, म, ह, व. तिसरी : दोन्ही वेलांट्या, च, प, ण, अनुस्वार. चौथी : पाय मोडायची खूण, द, ज, ग, ब, ळ. पाचवी : दोन्ही उकार, अ, आ, ट, ड. उरलेली अक्षरं खाली दोन ओळींत, हवी तशी. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत हो, नाही, दुखतंय, आणि 'नंतर सांगते'. हे शेवटचं फार लागतं. ञ नाही.

प्राजू_सोलापूर

मिळालं. रेकॉर्डिंग केलं, आईनं पहिल्यांदा मलाच झापलंय त्यात. पुठ्ठा पण आणला. एक विचारू? वेलांट्या दोन्ही ठेवू का? एकच ठेवली तर एक घर वाचेल.

सावनी_क

दोन्ही ठेव.